चर बुजवायला पैसे : अमेरिकेतील पाणथळ जमिनींची गोष्ट

बहुतेक प्रत्येक गावात एखादे तरी रान असे असते, की बाकीचे शेत वाफशावर आले तरी त्याचा खोलगट कोपरा काही वाफशावर येत नाही. तिथे बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. पेरले तर बी कुजते, दुबार पेरले तर पीक पिवळे पडते, आणि काहीच केले नाही तर लव्हाळा नि पाणकणीस माजते. आजोबांनी तिथे चर खणलेला असतो, वडिलांनी मुरूम टाकलेला असतो आणि आता मुलगा जेसीबी लावायच्या गोष्टी करीत असतो. त्या कोपऱ्यावर घरात तीन पिढ्यांचा पैसा गेलेला असतो. पिकाचा हिशेब मात्र कोणी मांडलेला नसतो.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी नेमके हेच सव्वाशे-दीडशे वर्षे केले, आणि तेही सरकारच्या उत्तेजनाने. आज तेच सरकार त्याच शेतकऱ्यांच्या नातवंडांना चर बुजवायला आणि जमिनीत पुरलेल्या नळ्या फोडायला पैसे देते. ऐकून हसू येते, पण त्यामागे बराच पस्तावा आणि बराच हिशेबही आहे. जमीनधारकाने त्यात नेमके काय द्यायचे आणि काय घ्यायचे, हे आपल्यासारख्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

आधी पाणी काढायला पैसे

१८४९ आणि १८५० साली अमेरिकन संसदेने दलदलीच्या जमिनींविषयी कायदे केले. अशा सरकारी जमिनी राज्यांना द्यायच्या, राज्यांनी त्या विकायच्या आणि आलेल्या पैशातून पाणी काढून देण्याची कामे करायची, असा बेत होता. पुढे १८६० मध्ये त्यात आणखी राज्ये घेतली गेली. या कायद्यांनी सुमारे साडेसहा कोटी एकर जमीन राज्यांकडे गेली. त्या काळी दलदल म्हणजे हिवताप, डास आणि वाया गेलेली माती, एवढीच समजूत होती. हिवताप खरा होता, त्यामुळे त्या लोकांना सरसकट दोष देणेही बरे नाही.

खाजगी शेतात याची वाट दाखवली ती जॉन जॉन्स्टन नावाच्या स्कॉटलंडहून आलेल्या शेतकऱ्याने. न्यूयॉर्क राज्यातील जिनिव्हा गावाजवळ त्याचे जड, पाणी धरणारे रान होते. त्याने मायदेशाहून भाजक्या मातीच्या नळ्यांचे नमुने मागवले आणि १८३० च्या दशकात तशा नळ्या शेतात पुरायला सुरुवात केली. हा माणूस जमिनीत मडकी पुरतो म्हणून शेजारी हसले. त्याचा गहू वाढला तेव्हा तेच शेजारी नळ्या मागायला आले. पुढे आयोवा, इलिनॉय, ओहायो या राज्यांत जमिनीखाली नळ्यांचे एवढे जाळे झाले, की वरून चालणाऱ्याला पत्ताही लागू नये. दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून सरकारी कृषी खाते अशा कामाच्या खर्चाचा वाटाही उचलू लागले.

यातून उत्तम जमीन निघाली हे नाकारता येणार नाही. आयोवाची मक्याची काळी रानेच त्यातून उभी राहिली. पण हाताला लागेल ते सगळे उपसण्याची सवय लागली. सरकारी मोजणीप्रमाणे १७८० च्या सुमारास त्या देशाच्या मुख्य भूमीवर सुमारे २२ कोटी एकर पाणथळ होते. १९८० च्या दशकापर्यंत त्यातले साडेदहा कोटींच्या आतबाहेर उरले. दोनशे वर्षे रोज, दर तासाला ६० एकर, असा तो हिशेब येतो. ओहायो व आयोवात तर दहा भागांपैकी एकच भाग राहिला.

सोयाबीनचा मोह

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना पुढचा भाग जवळचा वाटेल, कारण त्यात सोयाबीन आहे. मिसिसिपी नदीच्या खालच्या खोऱ्यात लुईझियाना, आर्कान्सा आणि मिसिसिपी या राज्यांतून पूर्वी सुमारे २ कोटी ४० लाख एकरांवर पुराच्या पाण्यात उभे राहणारे जंगल होते. ओक, सायप्रस, टुपेलो अशी झाडे आणि हिवाळ्यात त्यांच्या बुंध्याशी पाणी. १९७३ साली सोयाबीनचे भाव एकदम चढले. बुलडोझर आधीच आत शिरले होते. आता ते थांबेनासे झाले. बांध घालून, झाडे पाडून, चर खणून सखल रानात सोयाबीन गेले. मूळ जंगलाचा जेमतेम पाव भाग राहिला.

परंतु नदीने आपली वाट सोडली नव्हती. वसंतात पाणी चढायचे, पेरणी लांबायची, उशिरा पेरलेले पीक शरदातल्या पावसात सापडायचे. चांगले भाव असताना दोन-तीन वर्षांतून एक पीक हाती लागले तरी चालून गेले. १९८० नंतर भाव उतरले, व्याज चढले, जमिनीच्या किमती कोसळल्या आणि बँकांनी शेतांचे लिलाव पुकारायला सुरुवात केली. तेव्हा ज्याने कर्ज काढून दलदल साफ केली होती, त्याच्यावर सर्वांआधी पाळी आली. उसाच्या नादाने काठची सखल जमीन कर्जात घालणाऱ्याला हे निराळे सांगायला नको.

१९८५ चे वळण

त्या संकटातच सरकारचे धोरण फिरले. १९८५ च्या शेतीकायद्यात एक कलम आले. २३ डिसेंबर १९८५ नंतर जो कोणी पाणथळ जमीन कोरडी करून तिच्यात हंगामी पीक घेईल, त्याला सरकारी शेतीमदत बंद. बंदी नव्हती, फक्त सरकारच्या पैशाने दलदल मोडता येणार नव्हती. २०१४ पासून पीकविम्याच्या हप्त्यावरील सवलतही या अटीला जोडली आहे. त्याच कायद्यात सरकारी शेतीकर्ज थकलेल्यांसाठी आणखी एक वाट ठेवली : जमिनीचा ओला भाग राखून ठेवण्याचा हक्क सरकारला लिहून द्यायचा आणि त्या बदल्यात कर्जाचा काही भाग रद्द करून घ्यायचा.

त्याआधीही काही प्रयत्न झाले होते. १९३४ पासून बदकांची शिकार करणाऱ्याला एक तिकीट विकत घ्यावे लागते. त्या पैशातून पक्ष्यांसाठी जमिनी राखल्या जातात. १९७० च्या कायद्याने शेतातली तळी न उपसण्याबद्दल दहा वर्षांच्या कराराने वर्षासन देण्याची सोय झाली. पण गेलेले पाणथळ परत आणण्याची मोठी योजना आली ती १९९० च्या कायद्याने. १९९२ साली ती प्रथम नऊ राज्यांत करून पाहिली. तेव्हा सरकार घेऊ शकत होते त्याच्या कितीतरी पट जमीन शेतकऱ्यांनी देऊ केली. बदकांच्या प्रेमाने नव्हे. ओल्या रानाने हैराण झालेले लोक होते ते.

दुसऱ्याच वर्षी, १९९३ च्या उन्हाळ्यात, मिसिसिपी आणि मिसूरी नद्यांना महापूर आला. बांध फुटले, शेतांवर वाळूचे थर बसले. वाळू उपसून बांध पुन्हा उभारायचा खर्च जमिनीच्या किमतीहून जास्त होतो असे अनेक ठिकाणी दिसले. त्यांच्यासाठी याच योजनेची तातडीची शाखा काढण्यात आली. पुन्हा बांध घालायचा की नदीला तिची जागा देऊन मोबदला घ्यायचा, याची निवड शेतकऱ्यावर ठेवली. २०१४ मध्ये ही योजना शेतजमिनींच्या इतर योजनांबरोबर एका छत्राखाली आणली गेली. वीस लाखांहून अधिक एकर जमीन आजवर तिच्यात आली आहे.

जमीन तुमची, नांगर नाही

आता मुख्य मुद्दा. सरकार जमीन विकत घेत नाही. ते विकत घेते जमिनीतला एक हक्क : नांगरण्याचा आणि पाणी काढून देण्याचा. शेजाऱ्याला आपल्या रानातून वाट दिली किंवा पाटाचे पाणी न्यायला दिले, तर सातबाऱ्यावर 'इतर अधिकार' या रकान्यात तशी नोंद होते. जमीन आपलीच राहते, पण वाट मोडता येत नाही. हा व्यवहार त्याच जातीचा आहे.

मुख्य प्रकार दोन. एक कायमचा, दुसरा ३० वर्षांचा. हिशेब सोपा करून सांगतो. समजा, आज जमिनीची किंमत १०० रुपये आहे, आणि नांगराचा हक्क गेल्यावर तीच जमीन बाजारात ३० रुपयांना जाईल. मधले ७० रुपये ही त्या हक्काची किंमत. कायमचा हक्क लिहून देणाऱ्याला त्या किमतीचा पूर्ण मोबदला मिळू शकतो आणि पाणथळ पुन्हा उभारण्याच्या खर्चातला ७५ ते १०० टक्के भाग सरकार उचलते. तीस वर्षांच्या करारात मोबदला याच्या ५० ते ७५ टक्के, म्हणजे आपल्या उदाहरणात ३५ ते साडेबावन्न रुपये, आणि उभारणीच्या खर्चालाही ५० ते ७५ टक्केच मदत. शिवाय प्रत्येक भागासाठी वरची मर्यादा ठरलेली असते. मूल्यांकन, ती मर्यादा आणि खुद्द मालकाने मागितलेली रक्कम, या तिन्हींत जी कमी असेल तीच मिळते. अर्ज अनेक आणि पैसा थोडा असल्याने, कमी मागणाऱ्याचा नंबर वर लागू शकतो. थोडक्यात, घासाघीस तिकडेही चुकलेली नाही.

मालकाकडे काय उरते? मालकी उरते. जमीन विकता येते, वारसांना देता येते. कोणाला आत येऊ द्यायचे ते मालकच ठरवतो. हे काही सार्वजनिक उद्यान होत नाही. मासे धरणे आणि कायद्याप्रमाणे शिकार करणे हेही त्याच्याकडे राहते. बदकांच्या शिकारीसाठी जागा भाड्याने देऊन पैसे मिळवणारे मालक पुष्कळ आहेत. गवत कापायचे किंवा गुरे चारायची तर लेखी परवानगी लागते. खाते ती देऊ शकते आणि मागेही घेऊ शकते. पेरणी, बांधकाम, भर टाकणे बंद. आणि जमिनीचा कर मात्र मालकानेच भरायचा.

अटीही बारीक आहेत. जमीन निदान २४ महिने नावावर हवी, म्हणजे सरकारी पैशासाठी कोणी आज घेऊन उद्या अर्ज करू नये. वारसाने आलेल्या जमिनीला ही अट आड येत नाही. कर्ज असेल तर सावकार बँकेने आपला बोजा या हक्काच्या खाली ठेवायला संमती द्यावी लागते, आणि इथे अनेक अर्ज अडकतात. एका तालुक्याएवढ्या मुलखातली किती पीकजमीन अशा करारांत जावी यालाही हद्द आहे. सगळीच जमीन पाण्याखाली गेली तर बियाण्याचे दुकान, गिरणी, मजूर यांनी करायचे काय?

ज्याला एवढे बांधून घ्यायचे नसेल त्याच्यासाठी १९८७ साली वन्यजीव खात्याने सुरू केलेली हलकी योजना आहे. तिच्यात जमिनीचा मोबदला नसतो. खात्याचा माणूस येऊन आराखडा करतो, यंत्राच्या नि मातीकामाच्या खर्चाला हात लावतो, आणि मालक साधारण दहा वर्षे किंवा जास्त ते काम मोडणार नाही असे लिहून देतो. पहिल्यांदा पाय भिजवून पाहणाऱ्यांना हीच सोयीची पडते.

पाणी परत कसे आणतात

काम दिसायला साधे असते. जुने नकाशे आणि म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी यांवरून नळ्या कुठे गाडल्या आहेत ते शोधायचे. मग नळीचा एक तुकडा उकरून काढून तोंड बंद करायचे. उघड्या चरात मातीचा घट्ट बांध घालायचा. काही ठिकाणी लहान दरवाजा बसवतात. त्याच्या फळ्या काढून-घालून पाणी कमी-जास्त करता येते. कुठे पूर्वीचा बांधच एका जागी कापून नदीला आत घेतात. पाणी खोल नको असते. वीतभर ते कमरेच्या खाली असे उथळ पाणी बदकांना आणि गवताला मानवते.

काही बी मातीत वर्षानुवर्षे झोपलेले असते आणि ओल मिळताच उठते. रान कोरडे होऊन जितकी जास्त वर्षे झालेली असतील तितके ते बी थोडे उरते, म्हणून जुन्या रानांत बी टाकावे लागते. मिसिसिपीच्या खोऱ्यात तर ओकाची रोपे आणि बिया ओळीने लावल्या. सोयाबीनच्या जुन्या तासांतच ओक उभे राहिले.

सर्वांत मोठी जोखीम शेजाऱ्याची. आपले पाणी अडवताना त्याच्या बांधाला धक्का लागला, किंवा त्याच्या नळीचे पाणी आपल्या नळीतून जात असताना ती फोडली, तर कोर्टकचेरी ठरलेली. म्हणून पातळ्या मोजून, शेजाऱ्याची नळी वळवून मगच काम सुरू होते.

इथे एक सावधगिरी. आपल्याकडे सांगली-कोल्हापूर भागात जादा पाण्याने चिबड आणि खारवट झालेली जी उसाची रानें आहेत, ती ही पाणथळे नव्हेत. तिथे सच्छिद्र पाईप पुरून पाणी आणि क्षार बाहेर काढणे हाच योग्य उपाय. निसर्गाने केलेला खोलगट भाग आणि पाटाने बिघडवलेली जमीन यांत गल्लत करू नये.

अस्वल आणि नळाचे पाणी

१९०२ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात शिकारीला गेले असता, बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडायला त्यांनी नकार दिला. त्यावर व्यंगचित्र निघाले, आणि मुले कुशीत घेऊन झोपतात ते कापसाचे 'टेडी' अस्वल त्यातून जन्मले. ते खरे अस्वल याच पुराच्या जंगलातले. जंगल गेले तसे तेही गेले, आणि १९९२ मध्ये लुईझियानातल्या या काळ्या अस्वलाला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालावे लागले. २०१६ मध्ये ते यादीतून बाहेर आले. त्याचे श्रेय ज्या गोष्टींना दिले गेले, त्यांत शेतकऱ्यांनी या योजनेखाली पुन्हा लावलेले ओकाचे पट्टे ठळक आहेत. अस्वलाला एका जंगलातून दुसऱ्यात जायला वाट मिळाली ती त्यांच्या शेतांतून.

अस्वल आयोवात नाही, तिथे प्रश्न नळाच्या पाण्याचा आहे. मक्याला दिलेल्या खतातला नायट्रेट जमिनीखालच्या नळ्यांतून थेट नदीत जातो. डे मॉइन शहराला तो काढून टाकण्यासाठी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला खास यंत्रणा उभारावी लागली. २०१५ मध्ये शहराच्या पाणीखात्याने वरच्या भागातल्या निचरा मंडळांवर दावा लावला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला, पण शहर आणि खेडे यांच्यात कटुता राहिली. तिथल्या राज्याने २००१ पासून वेगळा उपाय चालवला आहे. नळ्यांचे पाणी नदीला मिळण्याआधी एका बेताने आखलेल्या पाणथळात सोडायचे. वरच्या रानाच्या अर्ध्या ते दोन टक्के एवढीच जागा लागते, आणि त्या चिखलातले सूक्ष्म जीव ४० ते ७० टक्के नायट्रेट हवेत उडवून टाकतात. शंभर एकरांमागे एक-दोन एकर दिल्याने बाकीचे रान निर्धास्त पिकवता येते, हा सौदा मला तरी अस्वलाहूनही पटतो.

ज्यांना पस्तावा झाला

सगळे सुखी आहेत असे नाही. परवानगीशिवाय गवतही कापता येत नाही, याचा राग अनेकांना येतो. काटेरी तण माजते आणि शेजारी ओरडतात. दुसऱ्याकडून अशी जमीन विकत घेणारा, कागद नीट न वाचता, पहिल्याच वर्षी ट्रॅक्टर घालतो आणि नोटीस येते. आणि भाव वाढले की मन डळमळते. २००७ नंतर मक्याचा भाव चढत गेला, २०१२ च्या दुष्काळात तर कळसाला पोचला. दहा-पंधरा वर्षांच्या मुदतीने जमीन राखण्याची जी दुसरी सरकारी योजना आहे, तिच्यात २००७ साली पावणेचार कोटी एकरांच्या घरात जमीन होती. २०१६ पर्यंत ती दोन कोटी चाळीस लाखांवर आली. मुदत संपली तशी कितीतरी रानें पुन्हा नांगराखाली गेली. कायमचा करार केलेल्यांची मात्र जागची हलली नाहीत. त्यांतल्या काहींनी नक्कीच हात चोळले असतील.

आपल्या देशात २०१७ चे पाणथळ-संरक्षण नियम आहेत. भर टाकू नका, कचरा टाकू नका, वापर बदलू नका, असे ते सांगतात. भाताची खाचरे आणि सिंचनासाठी बांधलेले तलाव त्यांतून वगळलेले आहेत. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय 'रामसर' दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला तो पहिला. पण त्या नियमांत मालकाने काय करू नये ते आहे. केले नाही तर त्याच्या पदरात काय पडेल ते नाही. अमेरिकेच्या योजनेतला उचलण्यासारखा भाग हाच, असे आम्हांस वाटते.

तिकडे आता एक नवी घडी आली आहे. तीस वर्षांचे करार १९९६ च्या कायद्यानंतर होऊ लागले. पहिल्यापहिल्यांची मुदत आता संपत येत आहे. सही करणारे पुष्कळसे आता थकले असतील किंवा गेले असतील, आणि जमीन मुलांच्या नावावर असेल. ज्या ओकाच्या बिया बापाने सोयाबीनच्या तासांत लावल्या, ते ओक आता तिशीच्या घरात आले आहेत. त्यांच्या बुंध्याशी हिवाळ्यात पाणी येते, बदके उतरतात. करार संपला की मुलाला पुन्हा सरकारकडे जाता येईल, किंवा मिळेल तो लाकडाचा भाव घेऊन नांगर घालता येईल. घरात बसून त्यांनी हा हिशेब मांडायला सुरुवात केली असेल.